काट्यावरचे नव्वद, फोनवरचे नव्वद

फेब्रुवारीतली सकाळ. पहिली बॅच संपवून मी साताऱ्यात आमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या ओट्यावर बसलो होतो. तेवढ्यात वाई तालुक्यातला एक जुना विद्यार्थी पिकअप घेऊन दारात आला. मी त्याला शिकवलं तेव्हापासून तो मला मामा म्हणतो, म्हणून इथंही त्याला भाचाच म्हणतो. भिलारची स्ट्रॉबेरी रात्री भरायची, पसरणी घाट उतरायचा, सुरूरला हायवेला लागायचं आणि पहाटेच्या बाजाराला पुण्यात पोचायचं, असा त्याचा हंगाम. सहा वर्षं तो हेच करतोय. गाडी मालकाची, हा पगारावर.

त्यानं फोन पुढं केला. एकवीस दिवसांत तीन ई-चलनं. पहिलं ८० च्या लिमिटला ताशी ८९ चं, दुसरं ९१ चं, तिसरं ४० च्या बोर्डाजवळ ५८ चं. प्रत्येकी २००० रुपये. मेसेज गेले मालकाच्या नंबरवर, आणि मालकानं सांगितलं की ६००० पगारातून कापणार.

"मामा, मी काय रेस लावतो का? लिमिटच्या दहा वर, बास. सहा वर्षं तेवढंच पळवतोय, एक पावती नाय. आणि आता तीन आठवड्यात तीन? त्यांची स्पीड गन बिघडलीय."

हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण माझ्याकडं शिकायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण पहिल्या आठवड्यात हेच विचारतो: लिमिटच्या किती वर चालतं? चहाच्या टपरीवर उत्तर तयार असतं. दहा चालतं. कुणी बारा म्हणतो, कुणी पंधरा. भाचाही दहा म्हणत होता, आणि खोटं बोलत नव्हता. सहा वर्षं त्याचं दहा खरोखर चाललं होतं. मग यंदाच काय झालं, हे मला शोधायचं होतं.

मी पहिला प्रश्न गाडीचा विचारला. "केबिनमध्ये नवीन काय आलंय का?" तो म्हणाला, काही नाही. जाऊन बघितलं तर स्टिअरिंगच्या डावीकडं, काचेला चिकटवलेला फोनचा स्टँड. दिवाळीत घेतलेला. नकाशा लावला की खाली कोपऱ्यात वेगाचा आकडा दिसतो. आकडा मोठा आणि रात्री स्पष्ट, त्यामुळं हंगाम सुरू झाल्यापासून तो स्पीडोमीटरच्या काट्याकडं बघतच नव्हता. शिवाय डिसेंबरात मागचे दोन्ही टायर नवे टाकलेले.

माझी शंका तिथंच पक्की झाली. पण मला ती त्याला दाखवायची होती, नुसती सांगायची नव्हती.

पुढच्या रविवारी दुपारी रिकामी पिकअप घेऊन आम्ही हायवेला गेलो. डाव्या लेनमध्ये, रहदारी कमी असताना. गाडी त्याच्या हातात, माझ्या हातात स्टॉपवॉच. फोन काढून पुढच्या खणात ठेवायला लावला. पद्धत जुनी आहे, माझ्या उस्तादांनी शिकवलेली: किलोमीटरच्या दगडापासून पुढच्या दगडापर्यंत किती सेकंद लागतात ते मोजायचं आणि ३६०० ला त्यानं भागायचं. काटा ८० वर धरला तर दगड ते दगड ४८ सेकंद लागले, म्हणजे खरा वेग ७५. काटा ९० वर धरला, ४३ सेकंद, म्हणजे ८४ पेक्षा जरा कमीच. दोन्ही पाच-पाच वेळा केलं. एखाद्या सेकंदाचा फरक पडला असेल, त्याहून जास्त नाही.

मग गाडी बाजूला घेतली, फोन लावला आणि त्याला म्हणालो, आता फोनवर ९० कर. त्यानं केले. काट्याकडं बोट दाखवलं. काटा ९७ च्या आसपास होता.

भाचा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हंजे मी सहा वर्षं नव्वदनं गेलोच नाय."

नाहीच गेला. सहा वर्षं तो ८४ नं जात होता आणि त्याला वाटत होतं की दहाची सूट मिळतेय. सूट कुणी दिलीच नव्हती. काटाच जास्त दाखवत होता.

हा मीटरचा बिघाड नाही. मीटर असाच बनवतात. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियमांतला ३९ क्रमांकाचा नियम सांगतो की काट्यानं खऱ्या वेगापेक्षा कमी कधीही दाखवता कामा नये. जास्त दाखवलेलं चालतं, खऱ्या वेगाच्या दहाव्या हिश्शात आणखी ४ मिळवून जेवढं होईल तिथपर्यंत. म्हणजे खरा वेग ८० असताना काट्यानं ९२ दाखवले तरी मीटर नियमात बसतो. कंपन्या थोडं वरच ठेवतात, कारण टायर झिजतात, बदलतात, हवा कमीजास्त होते. झिजलेल्या टायरचा घेर कमी होतो, त्यानं काटा आणखी वर जातो. नवे टायर टाकले की काटा खऱ्याच्या जवळ येतो. भाच्याच्या गाडीत हे सगळं एकाच हंगामात घडलं: नवे टायर, आणि काट्याच्या जागी फोन. मनातला नियम तोच राहिला, दहा वर. मोजायची पट्टी बदलली.

आता गनची गोष्ट. पहिली दोन चलनं लेझर गनची होती. ही गन प्रकाशाचे बारीक ठोके गाडीवर मारते आणि ते परत यायला लागणारा वेळ कसा घटत जातो त्यावरून वेग काढते. माणूस रस्त्याच्या कडेला असतो, गाडीच्या नेमक्या समोर नाही. या तिरकेपणामुळं आकडा झालाच तर किंचित कमी येतो, जास्त येत नाही. मालकानं गाडीत स्वतःचा ट्रॅकर बसवलेला आहे. त्यातली त्या रात्रीची नोंद मागवून घेतली. ज्या मिनिटाला गननं ८९ धरले, त्या मिनिटाला ट्रॅकर ९० दाखवत होता. गन बिघडलेली नव्हती. हे भाच्याला सांगताना मला वाईट वाटलं, पण सांगणं भाग होतं.

लोक म्हणतात कायद्यातच सूट आहे. मी कलमं वाचली आहेत. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ११२ सांगतं की ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वेगानं गाडी चालवायची नाही. कलम १८३ शिक्षा सांगतं: हलक्या वाहनाला १००० ते २००० रुपये, मध्यम आणि जड वाहनाला २००० ते ४०००, आणि पुन्हा सापडला तर लायसन्स जप्त. दहाचा आकडा यात कुठंही नाही, पाचचाही नाही. त्याच कलमात चालकाच्या बाजूचीही एक गोष्ट आहे, ती फार कमी लोकांना ठाऊक असते: "माझ्या अंदाजानं गाडी जोरात होती" असं एकाच साक्षीदारानं सांगून शिक्षा होत नाही, तो अंदाज यंत्रानं मोजलेल्या वेगावर आधारलेला असावा लागतो. म्हणून फोटो, म्हणून गन.

मग टपरीवरचं दहा काही अंशी तरी खरं का वाटतं? कारण यंत्र सहसा अगदी मर्यादेच्या आकड्यावर लावत नाहीत. मापातली चूक चालकाच्या माथी येऊ नये म्हणून थोडं वर लावतात. परदेशात हा फरक उघड लिहिलेला असतो. जर्मनीत ताशी १०० पर्यंत मोजलेल्या वेगातून ३ किलोमीटर वजा करतात, त्यापुढं ३ टक्के. ब्रिटनच्या पोलीसप्रमुखांच्या मार्गदर्शनात मर्यादेच्या १० टक्के अधिक २ मैल, म्हणजे ३० च्या रस्त्यावर ३५ ला कारवाई, असं धरलेलं आहे, आणि त्याच्या आतही पोलीस थांबवू शकतात. ही सूट यंत्रासाठी असते, चालकासाठी नाही. यंत्राच्या चुकीची जागा आपण आपल्या उजव्या पायानं भरून टाकली, तर खरी चूक झाली तेव्हा आपल्याकडं काही उरत नाही. भाच्यानं ती जागा काट्याच्या फरकात आधीच एकदा वापरली होती, फोन आल्यावर दुसऱ्यांदा वापरायला गेला.

इथं मी त्याला असा प्रश्न विचारला की तो खाली बघायला लागला. "गाडी पिकअप. ८० ला गव्हर्नर पाहिजे. ९१ झाले कसे?"

पिकअप म्हणजे मालवाहतुकीची गाडी. १ ऑक्टोबर २०१५ पासून बनलेल्या अशा गाड्यांना ८० च्या पुढं जाऊ न देणारा गव्हर्नर केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या ११८ व्या नियमानं बंधनकारक आहे. आठ प्रवाशांपर्यंतच्या छोट्या मोटारी, दुचाक्या, रिक्षा, रुग्णवाहिका, अग्निशमन अशांना यातून वगळलंय, पिकअपला नाही. शिवाय ६ एप्रिल २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेत चौपदरी हायवेवर मोटारीला कमाल १००, पण मालवाहू गाडीला ८० च धरलेत. आपलं लिमिट ८० हे ठाऊक असूनही भाचा शंभराचा बोर्ड बघायचा आणि मनाची समजूत घालायचा, मी तर नव्वदनंच चाललोय. तो बोर्ड त्याच्यासाठी नव्हताच. शेजारून जाणाऱ्या मोटारीचं लिमिट आणि आपलं लिमिट एकच, हा गैरसमज मी कितीतरी मुरलेल्या चालकांतही पाहिलाय.

गव्हर्नरची वायर मालकानं गाडी घेतली तेव्हाच काढून टाकलेली. पासिंगच्या दिवशी जोडायची, गावाच्या वेशीवर आलं की परत काढायची. भाच्याला माहीत होतं, बोलायची सोय नव्हती. पण चलनावरचा ९१ चा आकडा स्वतःच ते सांगत होता. उद्या अपघात झाला असता तर हाच आकडा विमा कंपनीच्या आणि वकिलाच्या टेबलावर पडला असता. तेव्हा २००० रुपयांचा प्रश्न उरला नसता.

तिसरं चलन वेगळं होतं आणि मला आधी वाटलं की यात दम आहे. रस्त्याचं काम चालू होतं, वाहतूक एका बाजूला वळवलेली, ४० चा बोर्ड. भाच्याचं म्हणणं, बोर्ड राडारोड्याच्या ढिगामागं होता, दिसलाच नाही. त्यानं दुसऱ्या दिवशी काढलेला फोटोही होता, त्यात ढीग स्पष्ट दिसतो. बोर्ड ही लहान बाब नाही. राज्यानं मर्यादा कमी केली तर ती योग्य फलक लावून सांगायची, असं कायद्यातच आहे. २०१९ मध्ये दिल्लीत राष्ट्रीय महामार्ग २४ वर बोर्ड ७० चा आणि कॅमेऱ्यांची चलनं ६० च्या पुढं, असा घोळ झाला होता, आणि पोलिसांना सुमारे दीड लाख चलनं मागं घ्यावी लागली होती. म्हणून मी त्याला पोर्टलवर तक्रार टाकायला लावली, फोटोसकट.

तक्रार फेटाळली गेली. भाचा चिडला. मला मात्र कारण बघायचं होतं, म्हणून आम्ही रात्री, त्याच्या नेहमीच्या वेळेला, त्याच जागी गेलो. यावेळी गाडी मी चालवली. ढीग होता, त्यामागं अर्धा झाकलेला बोर्डही होता. पण त्याच्या आधी, अंदाजे दोनशे मीटरवर, दुसरा बोर्ड होता. डिपर पडला तसा तो पांढराशुभ्र उठून आला, लाल कडा, मध्ये काळे ४०. त्याच्या पुढं नारंगी शंकूंची रांग. न दिसण्यासारखं तिथं काही नव्हतं.

"हा बोर्ड तू कधी बघितलास?" मी विचारलं.

"आत्ता."

त्या जागी चढ संपतो आणि उतार लागतो, गाडी आपसूक वेग घेते. तेव्हा त्याची नजर कुठं असायची हे त्यानंच सांगितलं. फोनच्या कोपऱ्यातल्या आकड्यावर. उतारावर आकडा चढू नये म्हणून तो तेवढाच सांभाळत होता. जागेचं नाव मी मुद्दाम देत नाही. नाव दिलं की लोक तेवढ्या दोनशे मीटरला ब्रेक मारतात आणि पुढं गेल्यावर परत दाबतात.

परत येताना एक गोष्ट घडली. डाव्या कडेला उसाची ट्रॉली उभी होती. ट्रॅक्टर सोडून नेलेला, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, फक्त चाकाला लावलेले दोन दगड आणि बाहेर लोंबणारी वाढं. नोव्हेंबर ते मार्च या पट्ट्यात रात्री गाडी चालवणाऱ्याला हे नवीन नाही. मी गाडी थांबवली, आम्ही दोघांनी झाडाच्या फांद्या तोडून मागं टाकल्या, माझ्या गाडीतला लाल त्रिकोण उभा केला. मग तिथंच, डॅशबोर्डच्या उजेडात, वहीवर त्याला हिशोब करून दाखवला.

भरलेली पिकअप, ब्रेक चांगले, रस्ता कोरडा. ट्रॉली दिसल्यापासून पाय ब्रेकवर जायला एक सेकंद धर. ८० नं येत असशील तर त्या एका सेकंदात २२ मीटर गेले, आणि ब्रेक लागून थांबायला आणखी ४१. एकूण ६३ मीटर. समज, ट्रॉली ६४ मीटरवर दिसली. तू टेकता टेकता थांबलास. आता ९० नं ये. पहिल्या सेकंदातच २५ मीटर गेले. उरलेल्या अंतरात तेवढाच ब्रेक तेवढ्याच जोरानं लावलास तरी ट्रॉलीशी पोचलास तेव्हा तुझा वेग ४५ च्या आसपास आहे.

"दहाच वर होतो ना," तो हळू म्हणाला. "मग पंचेचाळीस कुठनं आले?"

हाच प्रश्न मी सगळ्या बॅचना विचारतो आणि उत्तर काढायला लावतो. वेग वाढतो त्याच्या वर्गानं गाडीतली ताकद वाढते, आणि ब्रेक तीच ताकद खाऊन गाडी थांबवतो. ८० च्या गाडीची सगळी ताकद ब्रेकनं त्या ४१ मीटरमध्ये खाल्ली. ९० च्या गाडीत सव्वापटीहून जास्त ताकद आहे, आणि ब्रेकला अंतर मिळालं उलट कमी. जे खायचं राहिलं ते ट्रॉलीच्या मागच्या अँगलवर जातं, आणि पिकअपमध्ये त्या अँगलच्या उंचीवर चालकाची छाती असते. मी असे दोन पोरगे गमावलेत, माझ्याच हाताखाली शिकलेले. म्हणून मला या दहाच्या गप्पा ऐकवत नाहीत.

आणि मिळत काय होतं? सुरूरपासून पुण्यापर्यंत ८० किलोमीटर धरू. सगळा रस्ता ८० नं गेलास तर एक तास. सगळा ९० नं गेलास तर ५३ मिनिटं २० सेकंद. सात मिनिटंसुद्धा नाहीत. आणि तीही कागदावर, कारण खंबाटकीच्या बोगद्यानंतरच्या वळणावर नव्वद धरता येत नाही, खेड शिवापूरच्या टोलवर तर नाहीच.

तर मग भाचा त्या सात मिनिटांच्या मागं का होता? इथं प्रकरण मालकापर्यंत येतं. भाच्याच्या व्हॉट्सॲपवर मालकाचे मेसेज होते. "चारच्या आत मार्केटला. उशीर झाला तर भाडं कट." माल भरून होतो कधी एकला, कधी सव्वाला. मग पसरणी घाट, मग वाई. रात्री सव्वाला भिलारहून निघून चारच्या आत गाळ्यावर उतरायचं, तर रस्त्यात कुठं तरी नियम मोडावा लागतो, आणि पावती आली की पैसे पोराच्या पगारातून.

कलम १८३ मध्ये याचाही विचार केलेला आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर स्वतः चालवणारा आणि आपल्या नोकराला तसं चालवायला लावणारा, दोघंही त्याच कलमात येतात. आणि पुढं असं म्हटलंय की ठरावीक वेळेत प्रवास पुरा करायची सूचना दिली, आणि मर्यादा मोडल्याशिवाय तो पुरा होणार नाही असं कोर्टाला वाटलं, तर ती सूचनाच प्रथमदर्शनी पुरावा धरली जाते. म्हणजे चलन भाच्याच्या वेगाचं असलं तरी तो मेसेज मालकाच्या विरुद्ध बोलतो.

मी मालकाला भेटलो. माणूस वाईट नाही. स्ट्रॉबेरी सकाळी उतरली नाही तर दुपारपर्यंत पाणी सुटतं आणि भाव निम्म्यावर येतो, ही त्याची अडचण खरी आहे. त्याला मी तीन गोष्टी समोर ठेवल्या: काढलेली वायर, मेसेज, आणि लायसन्स. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीनं २०१५ मध्येच राज्यांना सांगितलंय की वेगमर्यादा मोडणाऱ्याचं लायसन्स किमान तीन महिने निलंबित करा. हंगामाच्या मध्यावर तीन महिने चालक घरी बसला तर गाडीही घरीच बसते. हे शेवटचं त्याला सगळ्यात आधी पटलं.

ठरलं ते असं. तिन्ही चलनं भरायची, त्यातली वेगाची पहिली दोन मालकानं, बोर्डाचं भाच्यानं. ते त्याला कबूल होतं, बोर्ड त्यानं स्वतः बघितला होता. गव्हर्नर जोडून सील करायचा. तोडणी दुपारी अर्धा तास आधी संपवून माल रात्री साडेबाराला गाडीत, आणि मेसेजमध्ये पोचायची वेळ लिहायची नाही, फक्त निघायची. फोन काचेवरून काढून टाकला. नकाशाची त्याला गरज नव्हतीच, सहा वर्षं तोच रस्ता आहे.

मार्च सरता सरता भाच्याचा फोन आला. चलन नव्हतं. म्हणाला, भावाला शेजारी बसवलं होतं, त्याच्याकडनं दगड ते दगड मोजून घेतलं, भरल्या गाडीत, रात्री दोन वाजता. किती, मी विचारलं.

"सेहेचाळीस सेकंद, मामा."

मी वहीत भागाकार केला. ७८.